मोहिमेसाठी टेबलटॉप भूमिकाखेळाची निवड

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, अर्थात टेबलावरील भूमिकाखेळ, हा काही व्यक्तींनी एकत्र बसून, प्रामुख्याने संभाषणातून आणि फाशांच्या आधाराने खेळावयाचा कथाप्रधान खेळ आहे. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो व ते पात्र काय करते हे सांगतो. गेम मास्टर म्हणून ओळखली जाणारी व्यक्ती भोवतालचे जग, इतर पात्रे व घटना सांभाळते. एखाद्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल, तेव्हा तो नियमांनुसार, बहुधा फासे टाकून ठरवला जातो. या नियमांच्या संचाला खेळपद्धती म्हणतात, आणि एकच कथा त्याच पात्रांसह अनेक बैठकांतून पुढे चालत राहिली तर तिला मोहीम म्हणतात.

मोहीम काही आठवड्यांपासून अनेक वर्षांपर्यंत चालू शकते. त्यामुळे तिच्या आरंभी केलेली खेळपद्धतीची निवड ही एका संध्याकाळच्या करमणुकीच्या निवडीहून वेगळी ठरते. खेळपद्धती ही कथेचे निव्वळ वाहन नसते. कोणत्या कृतीला फळ मिळते, कोणती कृती महागात पडते आणि पात्रे काळानुसार कशी बदलतात, हे तीच ठरवते. मनात योजलेली कथा आणि निवडलेली पद्धती यांचा मेळ बसला नाही, तर चार-पाच जणांचे अनेक महिन्यांचे रविवार त्या विसंगतीत खर्ची पडतात.

पूर्वपीठिका

इंग्रजीतील 'कॅम्पेन' हा शब्द या खेळांत युद्धखेळांमधून आला. मराठीतील 'मोहीम' हा शब्दही मूळ लष्करी अर्थाचाच असल्याने हे भाषांतर नेमके बसते. युद्धखेळांची परंपरा बुद्धिबळाशी, आणि बुद्धिबळाची भारतातील चतुरंगाशी जोडलेली आहे. १७८० मध्ये ब्राउनश्वाइग येथील योहान हेलविग याने बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धखेळ तयार केला. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसवित्झ याने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाचा 'क्रीगस्पील' हा खेळ नियमबद्ध केला. त्यात दोन्ही पक्षांचे हुकूम ऐकून फाशांच्या व कोष्टकांच्या आधारे निकाल देणारा एक पंच असे. आजच्या गेम मास्टरचा तो पूर्वज मानला जातो. पुढे १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ याने कोष्टकांऐवजी पंचाच्या अनुभवी निर्णयावर भर देणारा प्रकार पुरस्कारला. नियम किती असावेत व माणसाच्या विवेकावर किती सोपवावे, हा भूमिकाखेळांतील आजचा वाद असा जवळजवळ दीड शतक जुना आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने 'ब्राउनस्टाइन' नावाचा युद्धखेळ चालवला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे फौजेऐवजी एका व्यक्तीची भूमिका व तिचे स्वतंत्र उद्दिष्ट होते. त्या गटातील डेव्ह आर्नेसन याने 'ब्लॅकमूर' ही काल्पनिक जगातील मोहीम सुरू केली. आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ टीएसआर या कंपनीने १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचाच्या रूपात प्रकाशित केला. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. व्यावसायिकरीत्या प्रकाशित झालेला हा पहिला टेबलटॉप भूमिकाखेळ होय.

त्यानंतर निवडीचा प्रश्न निर्माण होण्यास फार काळ लागला नाही. १९७७ मध्ये अंतराळप्रवासावरील 'ट्रॅव्हलर', १९७८ मध्ये कौशल्याधारित 'रूनक्वेस्ट', १९८१ मध्ये एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर आधारित 'कॉल ऑफ कथुलू', १९८६ मध्ये कोणत्याही कथाप्रकारासाठी वापरता येईल असा 'गर्प्स' आणि १९९१ मध्ये 'व्हँपायर: द मास्करेड' असे खेळ आले. तरीही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हाच सर्वाधिक परिचित खेळ राहिला. नव्या खेळाडूची ओळख बहुधा याच खेळापासून होते आणि पुष्कळदा निवडही येथेच, विचार न करता, आटोपते.

एकच प्रसंग, वेगवेगळ्या पद्धती

खेळपद्धतीने पडणारा फरक एका साध्या प्रसंगातून स्पष्ट होतो. एका व्यापाऱ्याच्या गोदामात रात्री पहारा आहे. आत कागदपत्रांची एक पेटी आहे आणि पात्रांना ती हवी आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत पात्र लपतछपत जाऊ लागले, की खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात पात्राचे गुण मिळवतो आणि येणारी बेरीज पहारेकऱ्याच्या सावधपणाशी ताडली जाते. हे एका फाशात संपते. पण पहारेकऱ्याने ओरड केली, की नियमांचा सर्वांत मोठा भाग जागा होतो: कोणाची पाळी आधी, प्रत्येकाने किती फूट हलावे, कोणता मंत्र किती वेळा वापरता येईल. सुमारे सहा सेकंदांची एक फेरी अशा हिशेबाने काल्पनिक जगातील अर्ध्या मिनिटाची चकमक टेबलावर सहज तासभर चालते. ज्या गटाला डावपेचांची लढाई आवडते, त्याच्यासाठी तो तास बैठकीचा सर्वांत रंगतदार भाग असतो. ज्याला पेटीतील कागदांचे रहस्य हवे आहे, त्याच्यासाठी तोच तास अडथळा ठरतो.

'कॉल ऑफ कथुलू'मध्ये तेथे जाणारी माणसे प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर अशी सामान्य असतात. बंदुकीची एक गोळी पात्राचा अंत करू शकते, त्यामुळे खेळाडू लढाई टाळू पाहतात. खरा धोका पेटीतच असतो. आतील हस्तलिखित वाचल्यास अमानुष सत्याचे ज्ञान वाढते आणि मनाचा तोल घटतो. या खेळात मनःस्वास्थ्य हा आकड्यात मोजला जाणारा गुण आहे. निषिद्ध ज्ञानाचा आकडा जितका वाढेल, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. रहस्याचा शोध घेणे हेच कथेचे उद्दिष्ट, आणि तोच पात्राच्या ऱ्हासाचा मार्ग, अशी ही रचना आहे. भयकथेचा गाभा येथे वर्णनात नसून थेट गणितात बसवलेला आहे.

जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७ मधील खेळात पात्रे चोर व तस्करांच्या टोळीतील असतात. येथे तासन्‌तास बेत आखणे नियमांनीच टाळलेले आहे. गट योजनेचा प्रकार व एखादा तपशील ठरवतो, एकदा फासे टाकले जातात आणि कथा सरळ गोदामाच्या आत सुरू होते. पुढे अडचण आली, तर खेळाडू पूर्वप्रसंग सांगू शकतो, उदाहरणार्थ 'या पहारेकऱ्याला मी कालच पैसे चारले होते'. या सोयीची किंमत मानसिक ताणाच्या गुणांत मोजावी लागते. ताणाच्या नऊ खुणा भरल्या की पात्रावर कायमचा आघात नोंदवला जातो, आणि असे चार आघात झाले की ते पात्र त्या जीवनातून निवृत्त होते.

व्हिन्सेंट बेकर व मेगे बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० मधील खेळापासून निघालेल्या घराण्यात फासे दोन असतात व निकाल तीन प्रकारचे: १० किंवा अधिक आल्यास पूर्ण यश, ७ ते ९ आल्यास किंमत मोजून यश, आणि ६ किंवा कमी आल्यास गेम मास्टरची चाल. पेटी मिळते, पण आपल्यातील एक जण आत अडकतो, असे मधले निकाल कथेला सतत नवे वळण देतात. गेम मास्टरने कथानक आधी रचू नये, अशी या घराण्याची स्पष्ट अपेक्षा आहे. ज्याने वर्षभराचे कथानक वहीत लिहून ठेवले आहे, त्याची या नियमांशी पहिल्याच बैठकीत झटापट होते.

बक्षीस कशाला मिळते

एखादी पद्धती कोणत्या मोहिमेस योग्य आहे, हे ओळखण्यासाठी तिच्या मुखपृष्ठापेक्षा पात्राची प्रगती कशामुळे होते हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. खेळाडू हळूहळू त्याच दिशेने वागू लागतात.

१९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मिळवलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असे. लढाईतून मिळणारे गुण तुलनेने कमी पडत. परिणामी राक्षसाशी झुंजण्यापेक्षा त्याला चकवून खजिना पळवणे शहाणपणाचे होते आणि खेळ चातुर्याचा, भीतीचा व पळ काढण्याचा बनला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत खजिन्यासाठीचे अनुभवगुण ऐच्छिक झाले. पुढच्या आवृत्त्यांत शत्रूंवर मात करणे हाच गुणांचा मुख्य स्रोत राहिला. जग तेच, राक्षस तेच, पण खेळाडूंचे वर्तन बदलले. जुन्या शैलीकडे परतणाऱ्या खेळांनी, उदाहरणार्थ २००६ च्या 'ऑस्रिक'ने आणि २०१९ च्या 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स'ने, खजिन्याचा हा नियम जाणीवपूर्वक जपला आहे.

'कॉल ऑफ कथुलू'मध्ये पातळ्या नाहीत. यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यावर खूण केली जाते व नंतर शंभराचे फासे टाकून ते वाढते का हे पाहिले जाते. त्या वेळी सध्याच्या कौशल्यापेक्षा मोठा आकडा यावा लागतो, म्हणजे नवशिका लवकर शिकतो आणि तज्ज्ञ सावकाश. 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये बैठकीच्या शेवटी काही प्रश्न विचारले जातात. पात्राने आपल्या धारणा वा पूर्वायुष्य व्यक्त केले का, ते आपल्या व्यसनाशी किंवा आघाताशी झगडले का, यांवर गुण मिळतात. अशा पद्धतीत खेळाडू स्वतःच्या पात्राला अडचणीत टाकण्यास कचरत नाही.

येथे एक व्यावहारिक बाब नोंदवण्याजोगी आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या मार्गदर्शकानुसार एका दिवसात मध्यम ते कठीण स्वरूपाच्या सहा ते आठ चकमकी पात्रांना झेपतात, आणि वेगवेगळ्या वर्गांच्या शक्तींचा हिशेब त्या धोरणाशी जुळलेला आहे. जादूगाराचे बहुतेक मंत्र रात्रीच्या दीर्घ विश्रांतीनंतरच परत मिळतात, तर योद्धा दिवसभर तलवार चालवू शकतो. दरबारी राजकारणाच्या मोहिमेत तीन-चार दिवसांतून एकच लढाई झाली, तर जादूगार आपले सर्व मंत्र त्या एकाच लढाईत ओततो आणि योद्ध्याचा खेळाडू प्रेक्षक बनतो. दोष कोणाचाच नसतो. कथेची लय आणि नियमांनी गृहीत धरलेली लय वेगळी असते इतकेच. गेम मास्टर मात्र अशा वेळी बहुधा शत्रूंची ताकद वाढवत राहतो आणि मूळ कारण तसेच राहते.

फाशांचे गणित

वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते. निष्णात पात्रही वारंवार चुकते आणि अडाणी पात्राला अधूनमधून अचाट यश मिळते. साहसकथेतील बेभरवशाची गंमत यातून येते. 'गर्प्स'मध्ये सहा बाजूंचे तीन फासे टाकून येणारी बेरीज कौशल्याइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते. तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यतांपैकी १०४ शक्यतांत बेरीज ९ ते १२ मध्ये पडते, तर ३ किंवा १८ ही टोके प्रत्येकी एकदाच येतात. कौशल्य १० वरून ११ झाल्यास यशाची शक्यता ५० वरून ६२.५ टक्क्यांवर जाते, पण १५ वरून १६ झाल्यास ती ९५.४ वरून ९८.१ एवढीच वाढते. अशा पद्धतीत कसबी माणूस खरोखर कसबी वाटतो, त्यामुळे वास्तवदर्शी कथांना ती मानवते.

'अपोकॅलिप्स वर्ल्ड'च्या दोन फाशांवर, कोणताही गुण न मिळवता, पूर्ण यशाची शक्यता ३६ पैकी ६, किमतीसह यशाची १५ आणि अपयशाचीही १५ असते. निर्भेळ यश दुर्मिळ ठेवणे हा अपघात नसून हेतू आहे.

शंभराचे फासे नवख्यांना सर्वांत सोपे जातात, कारण कौशल्याचा आकडा हीच यशाची टक्केवारी असते. फासेच नसलेले खेळही आहेत. १९९१ च्या 'अँबर'मध्ये निकाल पात्रांच्या गुणांची तुलना करून दिला जातो, तर २००५ च्या 'ड्रेड' या भयखेळात फाशांऐवजी जेंगाच्या लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. कठीण कृतीसाठी ठोकळा काढावा लागतो आणि मनोरा ज्याच्या हातून कोसळेल त्याचे पात्र कथेतून जाते. थरार विलक्षण असला, तरी अनेक महिन्यांच्या मोहिमेस हा नियम अर्थातच पेलवत नाही.

मोहिमेची लांबी

काही पद्धती लांब पल्ल्यासाठी घडवलेल्या असतात व काही मुळातच अल्पायुषी असतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील पात्र पहिल्या पातळीवर साधे असते व विसाव्या पातळीवर जवळजवळ अलौकिक बनते. खालच्या पातळीवर लांडग्यांची टोळी धोक्याची असते, तर वरच्या पातळीवर पात्रे मृतांना जिवंत करू शकतात. त्यामुळे दुष्काळ, प्रवासाचे हाल किंवा एखाद्या खुनाचा तपास यांवर उभी राहिलेली कथा पात्रांच्या शक्ती वाढल्यावर टिकवणे कठीण होते. मोहीम लांबणार असेल, तर ती कोणत्या पातळीवर थांबावी याचाही विचार आधी करावा लागतो.

ग्रेग स्टॅफर्ड यांचा आर्थर राजाच्या कथांवरील 'पेंड्रॅगन' हा १९८५ मधील खेळ याच्या अगदी उलट वाट धरतो. त्यात साधारणतः एका बैठकीत एक वर्ष सरते. हिवाळ्यात जहागिरीचा हिशेब, विवाह, अपत्यजन्म आणि मृत्यू यांचे फासे पडतात. सरदार म्हातारा होतो आणि खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेतो. या खेळासाठीची 'ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन' ही विस्तृत मोहीम इ. स. ४८५ ते ५६६ असा ऐंशीहून अधिक वर्षांचा काळ व्यापते. घराण्याची कथा सांगावयाची असल्यास एवढी तयार चौकट अन्यत्र क्वचितच आढळते. दुसऱ्या टोकाला जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'फिआस्को' हा २००९ मधील खेळ आहे. फसलेल्या गुन्ह्यांच्या चित्रपटांसारखी कथा त्यात गेम मास्टरविना एकाच बैठकीत संपते. पात्रे इतकी बेफिकीरपणे विनाशाकडे जातात की पुढच्या आठवड्यासाठी काही उरू नये, हेच त्याचे सौंदर्य आहे.

गट, तयारी आणि खर्च

निवड करताना कथेइतकाच गटाचाही विचार आवश्यक असतो. तीन ते पाच खेळाडू व एक गेम मास्टर ही बहुतेक पद्धतींनी गृहीत धरलेली संख्या आहे. दर वेळी वेगळेच खेळाडू उपस्थित राहणार असतील, तर प्रत्येक बैठकीत एक कामगिरी पूर्ण होईल अशी रचना सोयीची पडते. एकच खेळाडू असल्यास शॉन टॉमकिन यांचा 'आयर्नस्वॉर्न' हा २०१८ मधील खेळ उपलब्ध आहे. तो एकट्याने, दोघांनी किंवा गेम मास्टरसह खेळता येतो व त्याची डिजिटल आवृत्ती विनामूल्य आहे.

तयारीचा भार गेम मास्टरवर पडतो, पण निवडीच्या चर्चेत तो बहुधा शेवटी आठवतो. नकाशे, शत्रूंचे आकडे आणि खजिन्यांच्या याद्या लागणाऱ्या पद्धतीत एका बैठकीमागे काही तास घरी बसावे लागते. नोकरी वा परीक्षा सांभाळून मोहीम चालवणाऱ्यासाठी हीच बाब निर्णायक ठरू शकते. तयार प्रकाशित साहसकथा विपुल असणे हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', 'पाथफाइंडर' व 'कॉल ऑफ कथुलू' यांचा मोठा लाभ आहे.

खर्चाच्या बाबतीत पद्धतींत मोठी तफावत आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची मुख्य पुस्तके तीन आहेत, तथापि २०१४ पासून मूलभूत नियम विनामूल्यही मिळतात. जॉन हार्पर यांच्या 'लेझर्स अँड फीलिंग्ज'चे सर्व नियम एका पानावर मावतात. भाषेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. नियमपुस्तक कोणत्याही भाषेत असले तरी टेबलावरील संभाषण खेळाडूंच्या भाषेतच होते, परंतु ज्या देशांत स्थानिक भाषेतील पद्धती लवकर निर्माण झाली, तेथे आवडीनिवडीही वेगळ्या घडल्या. स्वीडनमध्ये १९८२ साली 'द्राकार ओक देमोनेर', जर्मनीत १९८४ साली 'दास श्वार्त्स आउगे' आणि जपानमध्ये १९८९ साली 'सोर्ड वर्ल्ड' हे त्या-त्या भाषेतील खेळ आले. यांपैकी स्वीडिश खेळाचे नियम 'रूनक्वेस्ट'च्याच घराण्यातून घेतलेले होते.

शून्य बैठक

मोहिमेचा प्रत्यक्ष खेळ सुरू होण्यापूर्वी केवळ चर्चेसाठी घेतल्या जाणाऱ्या बैठकीस शून्य बैठक म्हणतात. कथेचा सूर, बैठकींची वारंवारिता, पात्रांचे परस्परसंबंध आणि पद्धती यांवर तीत सहमती केली जाते. 'आम्हाला काहीही चालेल' हे उत्तर येथे वारंवार ऐकू येते व ते फारसे उपयोगी नसते. खेळाडूंना आवडलेली पुस्तके, चित्रपट वा मालिका विचारल्यास आणि त्यांतील नेमके काय आवडले हे खोदून विचारल्यास अधिक माहिती मिळते. गुप्तहेरकथा आवडणाऱ्या दोघांपैकी एकाला सांकेतिक लिपी उलगडणे आवडत असते, तर दुसऱ्याला पाठलाग.

कोणते विषय खेळात मुळीच येऊ नयेत आणि कोणते केवळ सूचित व्हावेत, हेही याच वेळी ठरवले जाते. या दोन मर्यादांसाठी 'लाइन्स अँड व्हेल्स' ही संज्ञा रॉन एडवर्ड्स यांच्या लेखनातून रूढ झाली. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेल्या 'एक्स-कार्ड' या साधनात टेबलावर एक पत्ता ठेवलेला असतो. त्याला स्पर्श करून कोणीही खेळाडू कारण न देता चालू प्रसंग वगळण्यास सांगू शकतो. भयकथांच्या मोहिमेत अशा साधनांची विशेष गरज भासते.

एकच पद्धती की कथेनुसार वेगळी

परिचित पद्धतीच हवी तशी बदलून वापरावी, की प्रत्येक कथेसाठी तिला साजेशी पद्धती शिकावी, याविषयी खेळाडूंमध्ये जुना मतभेद आहे. नियमरचना खेळाच्या अनुभवाला मूलतः आकार देते, ही भूमिका रॉन एडवर्ड्स यांनी आग्रहाने मांडली. उलट बाजूचे म्हणणे असे, की कुशल गेम मास्टर आणि एकमेकांना ओळखणारा गट कोणत्याही नियमांवर चांगली मोहीम उभारू शकतो, आणि नवे पुस्तक शिकण्यात जाणारे आठवडे खेळण्यात घालवलेले बरे.

दोन्ही मतांत तथ्य आहे, मात्र दुसऱ्या मताची एक किंमत सहसा मोजली जात नाही. ओळखीच्या पद्धतीत भयकथा बसवण्यासाठी गेम मास्टर आधी बरे होण्याचे नियम कडक करतो, मग मंत्र काढून टाकतो, मग मनःस्वास्थ्याचे कोष्टक जोडतो. काही महिन्यांनी त्याच्याकडे एक नवीच, कोणीही न तपासलेली पद्धती तयार झालेली असते व खेळाडूंना ती शिकावीच लागते. याउलट, केवळ वातावरण बदलायचे असेल आणि साहस, लढाई व प्रगती यांची चौकट तीच राहणार असेल, तर पद्धती बदलण्याचे कारण उरत नाही. आवृत्तीबदलाच्या वेळीही हाच विचार खेळाडूंनी केल्याचे दिसते. २००८ मध्ये आलेली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची चौथी आवृत्ती न रुचलेले अनेक जण जुन्या नियमांवर आधारलेल्या २००९ च्या 'पाथफाइंडर'कडे वळले.

परवाने

१९९७ मध्ये टीएसआर ही कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. २००० मध्ये नव्या मालकाने मुक्त परवाना जाहीर करून आपल्या मूळ नियमांवर इतरांना पूरक पुस्तके प्रकाशित करण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये या परवान्याच्या जागी अधिक कडक अटींचा मसुदा येत असल्याचे उघड झाले आणि प्रकाशक व खेळाडूंनी तीव्र विरोध केला. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. त्याच वर्षी पायझो या 'पाथफाइंडर'च्या प्रकाशकाच्या पुढाकाराने 'ऑर्क' हा स्वतंत्र परवाना तयार झाला. घरी खेळल्या जाणाऱ्या मोहिमेला परवाना लागत नाही. या घडामोडींमुळे अनेक गटांनी प्रथमच इतर पद्धती हाताळून पाहिल्या, हा मात्र त्याचा थेट परिणाम होता.

भारतीय संदर्भ

भारतीय पुराणकथा या खेळांत आरंभापासून डोकावतात. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'राक्षस' हा जीव आहे, परंतु तेथील चित्रात त्याला वाघाचे डोके आहे. रामायण-महाभारतातील राक्षसांशी त्याचे साम्य मायावीपणापुरतेच म्हणावे लागेल. १९८० च्या 'डेईटीज अँड डेमीगॉड्स'मध्ये भारतीय देवतांचे स्वतंत्र प्रकरण होते आणि त्यांना युद्धासाठीचे आकडेही दिलेले होते. २०२२ मधील 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या नदीकाठच्या प्रदेशावरून प्रेरित साहसकथा लिहिली आहे. परिचित पुराणकथा वा इतिहासावर मोहीम रचणाऱ्या गटाला पद्धतीच्या निवडीत एक अधिकचा प्रश्न सोडवावा लागतो. जेथे प्रत्येक सजीवाला मारता येण्याजोगे आकडे दिलेले असतात, तेथे श्रद्धेच्या विषयाचे काय करावयाचे, हे आधीच ठरवलेले बरे पडते.

चालू मोहिमेत पद्धती बदलणे

निवड चुकल्याचे मोहीम सुरू झाल्यावर लक्षात येणे असामान्य नाही. खेळाडू फासे टाकण्याचे प्रसंग टाळू लागणे, सर्वांत आवडलेल्या बैठकीत नियमांचा वापरच न झालेला असणे, किंवा प्रत्येक बैठकीत तोच नियम बाजूला ठेवावा लागणे, ही त्याची नेहमीची चिन्हे होत. बदल कथेच्या नैसर्गिक विरामावर, उदाहरणार्थ एखादी कामगिरी पूर्ण झाल्यावर किंवा कथेत काही वर्षे लोटल्यावर, करणे सोपे जाते. पात्रांचे आकडे एका पद्धतीतून दुसरीत जसेच्या तसे रूपांतरित करण्याचा प्रयत्न बहुधा फसतो, कारण दोन पद्धती एकाच गोष्टी मोजत नाहीत. त्याऐवजी पात्र कोण आहे, त्याला काय येते व त्याचे काय देणे बाकी आहे हे शब्दांत लिहून नव्या नियमांनुसार ते पुन्हा घडवले जाते. नवी पद्धती आधी एक-दोन बैठकांच्या छोट्या कथेत, वेगळ्या पात्रांसह, तपासून पाहण्याची प्रथाही अनेक गटांत आढळते. अशा चाचणीत पात्रे गमावण्याची भीती नसल्याने खेळाडू नियमांची टोके मोकळेपणाने ताणून पाहतात, आणि कोणता नियम कुठे तुटतो हे मूळ मोहिमेला धक्का न लागता कळते.